पाहुण्याची बायको

"इश बिन फरहायराटेट." म्हणजे, माझं लग्न झालेलं आहे.

वणीला राहणारा माझा मामेभाऊ गेले काही महिने जर्मन शिकतो आहे. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेला आहे. कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात एका ठेकेदाराकडे कामाला आहे. मागच्या महिन्यात यवतमाळला घरी आला तेव्हा जेवताजेवता त्याने आम्हाला सगळा धडा म्हणून दाखवला. माझं नाव अमुक. मी वणीहून आलो. मी इलेक्ट्रिशियन आहे. माझं लग्न झालेलं आहे. मला एक मुलगी आहे. सगळे हसले, तोही हसला. मग हात धुताना त्याने हळूच विचारलं, "ताई, तू त्या तिकडच्या तुर्की लोकायचे पुस्तकं वाचत असते ना? मंग मले एवढंच सांग, बायकोले नेता येते का? अन् नेली तर तिले काम करू देते का?"

मला उत्तर देता आलं नाही. जर्मनीत गेलेल्या तुर्की कामगारांवरची पुस्तकं आणि सिनेमे मी गेली काही वर्षं आवडीने वाचते, बघते. त्यातली उदासी मला पाठ आहे, रेल्वे स्टेशनं पाठ आहेत. पण त्याने विचारलेला साधा प्रश्न घेऊन मी त्या पुस्तकांकडे कधी गेलेच नव्हते. हा लेख म्हणजे तो प्रश्न हातात धरून केलेलं दुसरं वाचन आहे.

प्रश्न एकट्या माझ्या भावाचा नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. सुरुवातीला दहा हजार तरुण पाठवायचे, असं जाहीर झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याची घोषणा केली. कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या जिल्ह्यात अशी बातमी व्हॉट्सॲपवर किती वेगाने फिरते, हे वेगळं सांगायला नको. आपल्या आधी याच वाटेने कोण गेलं, आणि त्यांच्याबद्दल काय लिहिलं गेलं, हे आता कामाचं वाचन झालं आहे.

दोन दिवसांचा पाहुणा

३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार भरतीचा करार झाला. इस्तंबूलमध्ये जर्मन भरती कार्यालय होतं. तिथे वैद्यकीय तपासणी व्हायची, मग रेल्वेने म्युनिकपर्यंतचा लांब प्रवास. म्युनिकच्या मुख्य स्टेशनचा अकरा नंबरचा फलाट या लोकांच्या आठवणींत कायमचा राहिला. १९७३ पर्यंत आठ लाखांहून अधिक तुर्की माणसं अशी गेली. त्यातली बरीच परत आली, बरीच राहिली.

त्यांना नाव दिलं होतं 'गास्टआर्बाइटर', पाहुणा कामगार. आपल्याकडे पाहुण्याला कोणी काम सांगत नाही, पण म्हण मात्र आहे: एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. जर्मनीचा मूळ हिशेब याच म्हणीसारखा होता. दोन वर्षं राबायचं, मग घरी जायचं आणि जागी दुसरा ताजा माणूस यायचा. मूळ करारात कुटुंब आणण्याची सोय नव्हती. दोन वर्षांची मर्यादा १९६४ मध्ये निघाली, तीही मुख्यतः कारखानदारांच्या सोयीने. शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांत घालवणं त्यांना परवडत नव्हतं.

नोव्हेंबर १९७३ मध्ये तेलसंकटाच्या काळात जर्मनीने भरतीच बंद केली. गंमत अशी, की लोक कमी व्हावेत म्हणून घेतलेल्या या निर्णयाने ते वाढले. एकदा परत गेलो तर पुन्हा येऊ देणार नाहीत, हे कळल्यावर माणसांनी गावी जायचं टाळलं आणि बायकामुलांना बोलावून घेतलं. पाहुण्याचं घर झालं ते इथून पुढे.

बर्जरचा 'तो'

जॉन बर्जर आणि छायाचित्रकार ज्याँ मोर यांचं 'अ सेव्हन्थ मॅन' हे पुस्तक १९७५ चं. त्या वेळी जर्मनी आणि ब्रिटनमध्ये अंगमेहनतीचं काम करणाऱ्या दर सात माणसांत एक स्थलांतरित होता, त्यावरून हे नाव. पुस्तकाचे तीन भाग: निघणं, काम, परतणं. नायकाला नाव नाही, तो फक्त 'तो' आहे. तो कधी तुर्की असतो, कधी पोर्तुगीज, कधी ग्रीक.

मोरचे इस्तंबूलमधल्या तपासणीचे फोटो कोणीही विसरणार नाही. अंतर्वस्त्रांवर रांगेत उभे असलेले पुरुष, त्यांच्या अंगावर लिहिलेले आकडे, त्यांच्याकडे मालासारखं बघणारे डॉक्टर. पोलीस भरतीच्या मैदानात उभं राहिलेल्या आपल्या पोरांना ती रांग ओळखीची वाटेल.

बर्जरचं मोठेपण हिशेबात आहे. एक माणूस जन्मल्यापासून कामाचा होईपर्यंत त्याला खाऊ घालण्याचा, वाढवण्याचा खर्च गरीब देशाने केलेला असतो, आणि श्रीमंत देशाला तयार हात फुकट मिळतात, हे तो आकड्यांनी दाखवतो. म्हणजे गरीब देशच श्रीमंत देशाला मदत करत असतो. हे वाचताना मला मामाची पाच एकर कोरडवाहू जमीन आठवली. भावाच्या आयटीआयची फी त्या कापसातून गेली होती. तो जर्मनीत गेला तर वणीच्या त्या कापसाचा हिशेब कोणत्याच खात्यावर दिसणार नाही.

पण भावाचा प्रश्न घेऊन मी पुन्हा पानं उलटली तेव्हा वेगळंच दिसलं. पुस्तकात बायको आहे ती पत्रात, बराकीतल्या पलंगाजवळच्या फोटोत आणि परतीच्या स्वप्नात. ती बोलत नाही. बर्जर याबाबत प्रामाणिक आहे. युरोपात लाखो स्थलांतरित बाया कामाला आहेत, त्यांच्या अनुभवासाठी वेगळं पुस्तक लागेल आणि हे पुस्तक पुरुषांपुरतं आहे, असं तो सुरुवातीलाच मान्य करतो. कबुली चांगली आहे, पण तिने पुस्तकाची रचना बदलत नाही. निघणं-काम-परतणं ही साखळी एकट्या माणसाची आहे. चौथा भाग, 'राहणं', तिच्यात बसत नाही, कारण राहायला कुटुंब लागतं. आणि पुस्तक छापून येत होतं त्याच वेळी हजारो घरं तो चौथा भाग जगायला लागली होती. बर्जरचा 'तो' परतीच्या स्वप्नात अडकलेला आहे. प्रत्यक्षातला माणूस तोवर खोली भाड्याने शोधत होता, कारण पुरेशी जागा दाखवल्याशिवाय बायकोला परवानगी मिळत नव्हती.

दुसऱ्याच्या आवाजात

ग्युंटर वालराफ या जर्मन पत्रकाराने १९८० च्या दशकात डोळ्यांत गडद लेन्स घातल्या, काळा केसांचा टोप घातला आणि 'अली' हे तुर्की नाव घेऊन दोन वर्षं मिळेल ते काम केलं. त्याचं 'गान्त्स उंटेन', म्हणजे 'अगदी तळाशी', हे पुस्तक १९८५ मध्ये आलं आणि लाखांनी खपलं. त्यातला ठेकेदारीचा भाग आजही आपल्याकडच्या कोणत्याही कंत्राटी कामगाराने वाचावा. मोठा कारखाना दुसऱ्याला ठेका देतो, तो तिसऱ्याला, आणि तळाशी जो माणूस धुळीत उभा असतो त्याच्याबद्दल वरचा प्रत्येक जण म्हणतो, हा आमचा नाही. माझ्या भावाला हे समजावून सांगायची गरज पडली नाही. दोन वाक्यांतच तो म्हणाला, "आमच्याकडे असंच तर आहे."

तरीही हे पुस्तक मला आता खटकतं. अलीला कुटुंब नाही. असणारच नाही, कारण तो खोटा आहे. संध्याकाळी तो टोप काढून ठेवू शकतो. ज्याच्या परवान्यावर बायको आणि दोन पोरांचा परवाना टांगलेला असतो तो ठेकेदारासमोर अलीसारखा उलट बोलत नाही. भीती नेमकी तिथे असते, आणि वालराफला ती उसनी घेता आली नाही. शिवाय जर्मन वाचकांना तुर्की माणसाचं दुःख पटलं ते एका जर्मन माणसाने सांगितल्यावर, हेही आहेच. तोवर तुर्की लेखक गप्प बसले नव्हते. आरास ओरेनची बर्लिनच्या एका गल्लीतल्या कामगारांवरची दीर्घ कविता १९७३ मध्येच जर्मनमध्ये छापून आली होती.

यवतमाळच्या वाचकाला हा मुद्दा लवकर कळावा. जानेवारी २०१९ मध्ये आपल्या गावात ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतल्यावर गदारोळ झाला आणि शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. तोवर शेतकरी आत्महत्यांवर आपल्याकडे किती लिहिलं गेलं होतं! पण त्या व्यासपीठावर एक विधवा स्वतःच्या तोंडाने बोलली तेव्हा विषय मेलेल्या माणसाकडून जगणाऱ्या बाईकडे सरकला. कर्ज कोणाच्या नावावर, सातबारावर नाव कोणाचं, सासरी राहायचा हक्क कोणाचा, असे प्रश्न पुढे आले. शेतकरी विधवांनी स्वतः उभ्या राहून केलेल्या 'तेरवं' या नाटकानेही तेच केलं. दुःखाचं वर्णन कोणीही करू शकतं. कागदावर आपलं नाव कुठे नाही, हे मात्र ज्याचं नाव नाही त्यालाच नेमकं ठाऊक असतं.

भिंगातून पाहणारी मुलगी

एमिने सेवगी ओझदामार यांची 'द ब्रिज ऑफ द गोल्डन हॉर्न' ही कादंबरी १९९८ मध्ये जर्मनमध्ये आली. २०२२ मध्ये त्यांना ब्युशनर पुरस्कार मिळाला, जर्मन साहित्यातला सर्वांत मानाचा. कादंबरीची नायिका १९६० च्या दशकात बर्लिनला रेडिओचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात कामाला जाते. एका डोळ्याला भिंग लावून बारीक तारा जोडायच्या. राहायला बायांचं वसतिगृह. तिला जर्मन येत नाही, म्हणून ती वर्तमानपत्रांचे मथळे अर्थ न कळता पाठ करते आणि कोणी काही विचारलं की एक मथळा म्हणून टाकते.

हे वाचताना आधी हसू येतं, मग नाही येत. ही कादंबरी महत्त्वाची, कारण ती 'पाहुणा म्हणजे पुरुष' हा समज मोडते. जर्मनीने बायांचीही भरती केली होती, विशेषतः बारीक हातकामासाठी. आपल्याकडे कापूस वेचायला बायाच का, याला जे उत्तर देतात तेच तिथे देत होते: त्यांची बोटं चालतात. काही घरांत तर आधी बायको गेली आणि नवरा नंतर तिच्या परवान्यावर आला. म्हणजे पाहुण्याची बायको असते तसा पाहुणीचा नवराही होता. त्याच्यावर मात्र कोणी फारसं लिहिलं नाही.

ओझदामारची नायिका मोकळी आहे. तिला नाटक करायचंय, प्रेम करायचंय, राजकारण समजून घ्यायचंय. तिच्याकडे ओढून धरणारं घर नाही. म्हणून ही कादंबरी वाचायला आनंद देते, आणि म्हणूनच भावाच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातही नाही.

कुटुंब आलं, कागद गेला

कुटुंब येतं ते सिनेमात. यासेमिन शामदेरेली यांचा २०११ चा 'आल्मान्या' हा विनोदी सिनेमा त्यांनी बहिणीबरोबर लिहिला. १९६४ मध्ये दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून एका पोर्तुगीज माणसाचा स्टेशनवर सत्कार झाला होता, त्याला मोपेड भेट दिली होती. ही खरी घटना. सिनेमातला हुसेन हा त्याच्या मागे उभा असलेला, दहा लाख एकावा. पन्नासेक वर्षांनी तो बायको, मुलं, नातवंडं घेऊन आनातोलियातल्या गावी निघतो.

या सिनेमातली एक युक्ती फार आवडते. जुन्या काळातल्या प्रसंगांत तुर्की पात्रं प्रेक्षकाला समजेल अशा भाषेत बोलतात आणि जर्मन माणसं मात्र निरर्थक बडबड करतात. परक्या देशात पहिल्या दिवशी कानाला काय ऐकू येत असेल, ते जर्मन प्रेक्षकाला स्वतःच्याच भाषेवरून कळतं. भावाला मी हा तुकडा मोबाइलवर दाखवला. तो म्हणाला, "वर्गातल्या ऑडिओत मले असंच आयकू येते."

पण हुसेन कुटुंब कसं आणतो? गावी येतो, पोरं हाताबाहेर गेलेली बघतो, आणि ठरवतो की सगळ्यांना न्यायचं. पुढच्या प्रसंगात सगळे निघालेले. परवानगी, जागेची अट, उत्पन्नाचा दाखला, वाट पाहणं, काही नाही. जिथे खरी गोष्ट होती तिथे सिनेमा कट मारतो. कागद येतो तो फक्त दोनदा. एकदा स्वप्नात, जिथे जर्मन नागरिकत्व देणारा अधिकारी हुसेनसमोर एकेक चमत्कारिक अट ठेवतो. आणि एकदा शेवटी, प्रवासात हुसेन वारल्यावर, जेव्हा हातातल्या जर्मन पासपोर्टमुळे स्वतःच्याच देशात त्याच्या दफनाचा घोळ होतो. दोन्ही प्रसंग चांगले आहेत. मात्र दोन्ही ओळखीच्या प्रश्नाभोवती फिरतात: आपण कोण, तुर्की की जर्मन? हा प्रश्न तिसऱ्या पिढीला परवडतो. पहिल्या पिढीचा प्रश्न होता, राहू देतील का आणि काम करू देतील का.

निकालपत्र वाचताना

शेवटी मला उत्तराच्या जवळ नेलं ते साहित्याने नाही, न्यायालयाच्या निकालांनी.

१९६३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदाय आणि तुर्कस्तान यांच्यात अंकारा करार झाला. त्याखाली नेमलेल्या मंडळाने १९८० मध्ये एक ठराव केला, 'निर्णय १/८०'. त्याचं सहावं कलम कामगाराचं. एका मालकाकडे एक वर्ष कायदेशीर काम केलं, तर त्याच मालकाकडे पुढे काम करण्याचा हक्क. तीन वर्षांनी त्याच धंद्यात मालक बदलण्याची मुभा. चार वर्षांनी कोणतंही काम. सातवं कलम कुटुंबाचं. कामगाराकडे राहायला येण्याची परवानगी मिळालेल्या माणसाला तीन वर्षांनी नोकरीची संधी घेण्याचा हक्क, मात्र त्या नोकरीवर पहिला मान युरोपीय नागरिकांचा. पाच वर्षांनी कोणतंही काम. १९९० मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की या ठरावातले असे स्पष्ट हक्क कामगाराला थेट कोर्टात मागता येतात.

कलम सातमधले शब्द पुन्हा वाचा: 'परवानगी मिळालेल्या'. आत आल्यानंतरचे हक्क ठरावाने दिले. आत येऊ द्यायचं की नाही, हे मात्र त्या त्या देशाकडे राहिलं. या फटीत एक बाई सापडली. १९८४ मध्ये ती फक्त भेटीच्या व्हिसावर नवऱ्याकडे श्वेबिश ग्म्युंड या गावी आली आणि तिथेच राहू द्या म्हणाली. नवरा १९७९ पासून तिथे होता. पण कुटुंब आणण्यासाठी आधी किती वर्षं राहिलेलं असावं, ही अट राज्याने मधल्या काळात तीनवरून आठ वर्षांवर नेली होती. डेमिरेल खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. १९८७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की कुटुंब एकत्र आणण्याचा हक्क अंकारा करारातून थेट मिळत नाही. ती हरली. हे गाव बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये आहे. महाराष्ट्राने ज्या राज्याशी करार केला, तेच राज्य.

दुसरा खटला दोगान. २००७ मध्ये जर्मनीने नियम केला, की बाहेरून येणाऱ्या जोडीदाराने आधी प्राथमिक जर्मन येत असल्याचं दाखवावं. चार मुलांची आई असलेली एक तुर्की बाई ए-१ पातळीची परीक्षा पासही झाली. दूतावासाने तरी व्हिसा नाकारला. म्हणणं असं, की ती निरक्षर आहे, लेखी परीक्षेत तिने अंदाजाने खुणा केल्या आणि तीन वाक्यं पाठ करून म्हटली. २०१४ मध्ये ती जिंकली. निरक्षरतेबद्दल न्यायालयाला कळवळा आला, असं मात्र झालं नाही. १९७० च्या जोड-करारात एक कलम होतं: धंद्यासाठी स्थायिक होण्यावर आहेत त्याहून नवी बंधनं घालायची नाहीत. तिचा नवरा जर्मनीत व्यवसाय करत होता, म्हणून ते कलम लागू पडलं. चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी करारात लिहिलेल्या एका ओळीने तिचं घर एकत्र आणलं.

ओझदामारची नायिका मथळे पाठ करते, ही बाई तीन वाक्यं पाठ करते. एकीवर कादंबरी आहे, दुसरीवर निकालपत्राचे काही परिच्छेद. मला या दोघी एकाच पुस्तकात हव्या होत्या. बर्जरच्या पद्धतीने, मोरच्या फोटोंसकट. ते पुस्तक नाही, ही मी वाचलेल्या या सगळ्या साहित्याची उणीव मानते. या लेखकांनी कारखाना पाहिला, बराक पाहिली, स्टेशन पाहिलं. परवान्याच्या खिडकीसमोरची रांग त्यांनी भराभर ओलांडली. कागद रुक्ष असतो हे खरं, पण सातबारा आणि फेरफार यांच्यावर आपल्याकडे आख्खी आयुष्यं जातात. ते कोणाला रुक्ष वाटत नाही.

आपल्या पुस्तकांत काय आहे

दुसऱ्यांना नावं ठेवताना आपल्या घरात डोकवावं. मराठी माणूस १९६५ नंतर मोठ्या संख्येने अमेरिकेला गेला. अपर्णा वेलणकर यांच्या 'फॉर हिअर, ऑर टू गो?' या पुस्तकाने त्या पिढीचं जगणं नीट ऐकून लिहिलं. त्याखेरीज परदेशातल्या मराठी घरांबद्दल मी जे वाचत आले त्यात बर्फ आहे, गणपती आहे, मुलांचं मराठी आहे, गावी एकटे राहिलेले आईवडील आहेत. व्हिसा एखाद्या वाक्यात येऊन जातो.

आणि तरी आपल्याकडेही पाहुण्याची बायको आहे. एच-१बी व्हिसावर गेलेल्या इंजिनिअरची बायको एच-४ व्हिसावर जाते. २०१५ पर्यंत तिला तिथे नोकरीच करता येत नव्हती. त्या वर्षी मे महिन्यापासून, नवऱ्याचं ग्रीन कार्ड ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं असेल तरच, तिला कामाचा परवाना मिळू लागला. पुढच्या सरकारने तो काढून घेण्याचा प्रस्ताव आणला, तो काही वर्षं लोंबकळत राहिला आणि २०२१ मध्ये मागे घेतला गेला. म्हणजे पुण्या-नागपुरात कमावणारी, पदवी असलेली बाई कित्येक वर्षं न्यू जर्सीतल्या स्वयंपाकघरात 'पुढे काय ठरतं' बघत बसली. तिच्यामागे अंकारा करारासारखं काही नाही. जे एका नियमाने दिलं ते दुसऱ्या नियमाने जाऊ शकतं. या बाईची कादंबरी मराठीत यायला हवी होती.

फरक आणखी एक आहे. अमेरिकेला गेले ते बहुतेक डिग्रीवाले, लिहिणाऱ्या वर्गातले. आता आयटीआयची पोरं जाण्याच्या गोष्टी निघाल्यात. त्यांच्याबद्दल कोण लिहिणार?

भावाला दिलेलं उत्तर

पंधरा दिवसांनी मी भावाला फोन लावला. सांगितलं, की बायकोला नेता येतं, आणि कुटुंब म्हणून परवाना मिळाला तर तिला तिथे कामही करता येतं, या बाबतीत आजचा जर्मन कायदा १९६१ पेक्षा कितीतरी बरा आहे. पण पुरेसं उत्पन्न दाखवावं लागेल. तुझ्या आयटीआयच्या प्रमाणपत्राला तिकडे किती मान्यता मिळते, त्यावर तुझा परवाना कोणत्या कलमाखाली निघतो ते ठरेल, आणि त्यावर तिला आधी भाषेची परीक्षा लागेल की नाही तेही ठरेल. शिकाऊ म्हणून जाणं आणि कुशल कामगार म्हणून जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सही करण्याआधी कोणतं कलम ते विचार. आणि तुर्की लोकांना जो करार मिळाला तसा आपला युरोपाशी नाही. भारत आणि जर्मनी यांच्यात २०२२ मध्ये स्थलांतराबाबत करार झालाय, पण 'याहून वाईट करणार नाही' असं वचन देणाऱ्या त्या कलमाच्या तोडीचं आपल्या हातात काही नाही.

तुर्की लोकांनाही ते आयतं मिळालं नव्हतं, हेही सांगितलं. १९७३ च्या ऑगस्टमध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्यात तुर्की कामगारांनी संप केला, कारण गावाहून उशिरा परतलेल्या सुमारे तीनशे जणांना काढून टाकलं होतं. संप मोडला गेला. पण सुट्टीत घरी जाऊन येणं हा कामगाराचा प्रश्न आहे, हे त्या दिवसांत सगळ्या जर्मनीला दिसलं.

भाऊ ऐकत होता. मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, फोन तिने घेतला. मी तिला एक गोष्ट मुद्दाम सांगितली, जी तिच्यासाठीच होती. नवऱ्याच्या परवान्यावर गेलेल्या बाईचा संसार तिथे मोडला, तर तिला स्वतःच्या हक्काने राहता यावं यासाठी साधारणपणे तीन वर्षांची अट आहे. फार अन्याय झाला असेल तर सवलत मिळते, पण नियम तीन वर्षांचा.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ताई, हे तीन वर्षं कवापासून मोजते? लग्न झाल्यापासून, का तिकडं गेल्यापासून?"

"तिकडं दोघं एकत्र राहायला लागल्यापासून."

"म्हणजे इथले सात वर्षं धरत नाही."

"नाही."

"बरं," ती म्हणाली. "त्यायच्या वर्गाची फी किती आहे, ते इचारून ठेवतो. मीबी जातो."